ऑफिसमध्ये प्रभूवरचा विश्वास कसा टिकवायचा?

मालवणची_पोर: मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ मासळीच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सीझनमध्ये पहाटेपासून बर्फ, ट्रक, बिलं, आरडाओरडा. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून (प्रार्थनाविधीहून) आले की मन कसं हलकं असतं, पण सोमवारी दुपारपर्यंत चिडचिड परत सुरू. कोणाला उपदेश न करता कामात प्रभूला धरून कसं राहायचं?

वेंगुर्ल्याचा_सुतार: ताई, बायबलमधलं कलस्सैकरांस 3:23 वाच, जे काय करता ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा असं आहे, आणि ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल हे तिथे गुलामांना सांगतोय, म्हणजे ज्यांना ना पगार ना मान. तो स्वतः तंबू बनवून पोट भरायचा. मी कपाटाची मागची बाजू पण तेवढीच घासतो, कोण बघणार नसलं तरी.

किनारपट्टी: +1. 1 मे ला श्रमिक संत जोसेफचा सण असतो, पोप बारावे पायस यांनी 1955 साली सुरू केलेला, त्या दिवशी आपल्या कामासाठी प्रार्थना मागून घे. पण पॉझिटिव्ह म्हणजे सगळं गोड मानून घेणं नाही हां, वजनात कोणी काटा मारत असेल तर बोलायचंच. बायबलमधलं नीतिसूत्रे 11:1 त्या खोट्या तराजूवरच आहे.

मालवणची_पोर: वजनाचं खरंच मनाला लागलं. खलाशांची बिलं सगळ्यात शेवटी निघतात आमच्याकडे, उद्यापासून ती आधी काढते.