गोठ्यावर रात्री येणाऱ्या बिबट्यासाठी कोणती बंदूक घ्यावी?

कातळसडा (लांजा)
नमस्कार मंडळी. आमचा गोठा वाडीच्या टोकाला, काजूच्या बागेला लागून आहे. पावसाळ्यापासून बिबट्याचा वावर वाढला असून एक पाडी आणि दोन शेळ्या गेल्या. परवा तर तो कौले सरकवून आत उतरला. वडिलांच्या नावावर शेती संरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक आहे, परंतु ती भरून होईपर्यंत जनावर निसटते. म्हणून बारा बोअरची दुनळी घेण्याचा विचार आहे. काडतूस कोणते वापरावे आणि परवान्यासाठी काय करावे लागते? कोंबड्या नेणाऱ्या कोल्ह्यांनाही ती चालेल का?

जुना परवानाधारक (राजापूर)
आपले नुकसान मोठे आहे, तरीही बिबट्यासाठी म्हणून बंदूक घेऊ नका, असेच मी सांगेन. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, बिबट्या आहे. तो माणसांच्या जिवाला धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात, गुरे मारतो एवढ्या कारणाने नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला कायदा सूट देतो. पाडीच्या बचावाला ती सूट नाही. शिक्षा किमान तीन वर्षांची आहे. कोल्ह्यालाही याच कायद्याचे संरक्षण आहे. शेती संरक्षण परवाना हातात असला म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा मिळाली, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे.

परवान्याचा अर्ज शस्त्र नियम, 2016 प्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयात करावा लागतो आणि पोलिसांच्या चौकशी अहवालानंतर त्यावर निर्णय होतो. मात्र काडतुसाची चर्चा मी इथे करणार नाही, कारण अंधारात छर्ऱ्याने जखमी झालेला बिबट्या पहाटे शेण काढायला जाणाऱ्या बाईच्या वाटेवर बसलेला असू शकतो.

कातळसडा (लांजा)
हे पटले. पण नुसता हवेत बार काढून त्याला पळवता येणार नाही का?

जुना परवानाधारक (राजापूर)
एखाद-दोन रात्री तो दूर राहील, पण भक्ष्य सहज मिळते आहे हे कळल्यावर पुन्हा येईल. शिवाय आपल्या वाड्यांमध्ये घरे माडा-पोफळींच्या आड विखुरलेली असतात आणि खाली झुकलेल्या नळीतले छर्रे कातळावर आपटून कुठेही उडतात.

गोठेवाला (कणकवली)
बंदुकीचे पैसे गोठ्यात घाला. तो कौलांतून उतरला म्हणजे भिंतीपेक्षा छपराकडे आधी पाहायला हवे. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंती पूर्वीपासून होत्या. आम्ही वाशांच्या खालून जाड वेल्डमेशची (वेल्डिंगने जोडलेल्या तारांची) जाळी मारली आणि तिच्या कडा भिंतीवरच्या लोखंडी पट्टीला बोल्टने आवळल्या, कारण खिळ्यांनी ठोकलेली जाळी पंजाने उचकटते. दार लोखंडी केले, कडी बाहेरून, आणि दाराखालच्या फटीत चिरा बसवला. शेळ्या वेगळ्या खणात ठेवतो. गोठ्याभोवतीचे रान आणि छपरावर आलेल्या काजूच्या फांद्या तोडल्या. कुत्राही रात्री आतच असतो. बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आमंत्रण. खुराड्यालाही अशीच, पण बारीक छिद्रांची जाळी मारलीत तर कोल्ह्याचा प्रश्न सुटेल.

वनमित्र (संगमेश्वर)
गेलेल्या जनावरांची भरपाई मागितली होती का? बाजारभावाच्या 75 टक्के रक्कम मिळते. 2022 च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस, बैलासाठी कमाल 70,000 आणि शेळी-मेंढीसाठी 15,000 रुपये. घटना 48 तासांच्या आत वनरक्षक किंवा परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना कळवावी आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये. दुर्गंधी येते म्हणून अनेक जण लगेच पुरतात आणि दावा तिथेच अडतो. वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. बिबट्या छपरातून उतरला हेही लेखी कळवा आणि सरकलेल्या कौलांची छायाचित्रे सोबत जोडा.