मदत हवी आहे: मोटरहोमची बॅटरी मळ्यात मरते आणि घरी उकळते

नमस्कार मंडळी,

गाडी २०११ ची टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या बाजूला दोन पलंग, छोटा ओटा, १२ व्होल्टचा फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप असं सगळं बसवून घेतलेली. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. आम्ही राहतो सांगलीत विश्रामबागला, पण आमच्या गल्लीत एवढी लांब गाडी कायमची लावली तर शेजारी बोलायचे बंद होतील. म्हणून एरवी ती तासगावच्या बाजूला आमच्या द्राक्षाच्या मळ्यात शेडखाली असते. कुठं निघायचं असलं की दोन दिवस आधी घरासमोर आणायची, सामान भरायचं, निघायचं. दोन्ही ठिकाणं मुद्दाम सांगतोय, कारण बॅटरी दोन्हीकडं वेगळी वागते.

मागची बॅटरी १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवण) ट्यूब्युलर, घरच्या इन्व्हर्टरला असते तसलीच. ही दुसरी. पहिली दीड वर्षात गेली तेव्हा नशीब म्हणून सोडून दिलं. हिला आता चौदा महिने झालेत आणि हिचीही तीच गत. मळ्यात चार्जर रात्रंदिवस लावलेला असतो, हिरवा दिवा जळतो. पण सकाळी चार्जर काढून मीटर लावला की ११.९ व्होल्ट. पंप सुरू केला की ११.३, आणि फ्रिज तर नुसता टिकटिक करून गप्प बसतो.

तीच गाडी घरी आणली, तोच चार्जर लावला की रात्रीत फुल. इतकी फुल की पलंगाखालून भाताला आधण आल्यासारखा आवाज येतो. गेल्या महिन्यात गणपतीपुळ्याला निघायच्या आदल्या रात्री आई गाडीत डबे लावत होती. ती तशीच खाली उतरली आणि म्हणाली, "गाडीत अंडी कुणी आणली रे? नासल्यात." आमच्याकडं अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. मी बायकोकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. शेवटी पलंगाची फळी उचलली तर वास बॅटरीचा. पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. त्या दिवशी दीड लिटर डिस्टिल्ड वॉटर लागलं.

आतापर्यंत केलेलं: टर्मिनल घासले, व्हॅसलिन लावलं, लग नवीन टाकले. गाडी चालू असताना पुढच्या, इंजिनाच्या बॅटरीवर १४.२ येतात, मागच्या बॅटरीवर मात्र १३.१. चार्जर गाडीसोबतच आलेला, निळ्या पत्र्याचा डबा, वर अँपिअरचा काटा, उचलायला दोन हात लागतात. बॅटरीवाल्यानं नुसतं मीटर लावून "सेल गेलाय, नवीन टाका" सांगितलं. साडेसोळा हजार. पैसे घालायला हरकत नाही ओ, पण तिसरीही अशीच मेली तर? आधी नेमकं काय तपासू?

कृष्णाकाठ:
गाडी पुरातली नाही ना? २०१९ ला सांगलीत कितीतरी गाड्या बुडाल्या. धुऊन पुसून विकलेल्या गाड्यांची वायरिंग वर्षावर्षानं त्रास देते.

धागाकर्ता:
हा प्रश्न सांगलीत कुठलीही जुनी गाडी घेतली की पहिला येतो. नाही, तेव्हा ती साताऱ्यात मूळ मालकाकडं होती. सीटखालचे नट, कार्पेटखालचा पत्रा सगळं बघितलंय. गाळ नाही, गंज नाही.

वाइंडिंगवाला:
उचलायला दोन हात लागतात म्हणालात, तिथंच उत्तर आहे. त्या डब्यात ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, बाकी काही नाही. असल्या चार्जरला डोकं नसतं. भिंतीतून जेवढं येईल त्या प्रमाणात पुढं ढकलतो. सॉकेटवर २३० व्होल्ट असताना १४.४ देत असेल तर मळ्यात शेतीच्या मोटरांच्या लोडनं १९० झाल्यावर १२ पण देणार नाही. १२ व्होल्टनं १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नसते. टाकी नळापेक्षा उंच नसली तर पाणी कसं येणार? आणि शहरात रात्री लोड उतरला, व्होल्टेज २४५ च्या पुढं गेलं की हाच चार्जर १५ च्या वर जातो, आणि फुल झाली तरी थांबत नाही. मग पाणी उडतं, अंड्याचा वास येतो. मळ्यात उपासमार आणि घरी अजीर्ण.

हिरवा दिवा म्हणजे डब्याला लाइट आहे एवढंच. बॅटरीचं त्याला काही माहीत नाही.

एक काम करा. चार्जर *लावलेला असताना* बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, आणि त्याच वेळी सॉकेटवर मोजा. शेजारच्या मोटरा चालू असताना एकदा, बंद असताना एकदा, घरी रात्री अकराला एकदा. तुम्ही चार्जर काढून मोजलंय, त्यावरून बॅटरी कळते, चार्जर कळत नाही.

सह्याद्रीफिरस्ता:
बाकी नंतर. बॅटरी *पलंगाखाली* आहे आणि तिच्या पेटीला बाहेर हवा जायला वाट आहे का? चार्ज होताना हायड्रोजन निघतो, उकळताना तर भरपूर. त्याच पेटीशेजारी फ्रिजच्या रिलेची ठिणगी. आई त्या पलंगावर झोपतात का? आज संध्याकाळीच पेटीला वरच्या बाजूनं बाहेर निघणारी नळी घाला. तोवर घरी रात्रभर चार्जर लावू नका.

धागाकर्ता:
खरं सांगतो, हे वाचून घाम फुटला. पेटीला वाट नव्हती. जमिनीतून खाली एक भोक होतं, पण हायड्रोजन वर जातो हे डोक्यातच आलं नाही. एक इंची पाइप वरच्या कोपऱ्यातून बाहेर काढला, तोंडाला जाळी लावली.

आता आकडे. या आठवड्यात आमच्याकडं शेतीची थ्री फेज रात्रीची आहे. मोटरा चालू असताना सॉकेटवर १८४, बॅटरीवर ११.९, चार्जरचा काटा शून्यावर झोपलेला. सकाळी मोटरा बंद झाल्यावर सॉकेट २१२, बॅटरी १३.२, काटा ३ वर. घरी आणल्यावर रात्री अकराला सॉकेट २४६, बॅटरी १५.४, आणि आधणाचा आवाज सुरू.

वाइंडिंगवाले दादा, तुम्ही मळ्यात येऊन मोजल्यासारखं सांगितलंत. काटा शून्यावर आहे हे मी तीन वर्षं रोज बघतोय आणि काटाच बिघडलाय असं समजत होतो.

वाइंडिंगवाला:
काटे खोटं कमी बोलतात हो. आता स्टॅबिलायझरमागं लागू नका, त्यानं मळ्यातली उपासमार थांबेल, पण फुल झाल्यावर थांबायची अक्कल येणार नाही. एसएमपीएस चार्जर घ्या, म्हणजे भिंतीतलं व्होल्टेज कमीजास्त झालं तरी ठरलेलं देणारा इलेक्ट्रॉनिक चार्जर, थ्री स्टेज. इनपुट १०० ते २७० लिहिलेला बघा. १४.४ पर्यंत नेऊन मग १३.६ च्या आसपास धरून ठेवणारा. १५० एएचला १५ अँपिअर ठीक. बॅटरी घ्यायच्या आधी हायड्रोमीटर (ॲसिड किती दाट ते दाखवणारी नळी; चार्ज जास्त तसा आकडा मोठा) लावा, सहाही सेलना, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यांना. मीटरनं बॅटरीवाल्याला सेल कसा दिसला देव जाणे. आणि पाणी चार्जिंग झाल्यावर भरायचं. आधी फक्त प्लेटा बुडतील एवढंच, नाहीतर चार्ज होताना पातळी वर येऊन ॲसिड बाहेर सांडतं.

घाटातला:
चालत्या गाडीत मागं १३.१ येतात त्याकडं कुणी बघितलं नाही. पुढून मागं कुठली वायर आहे? अडीच चौरस मिमीची असेल तर सहा मीटरला २० अँपिअरवर ०.९ व्होल्ट वायरच खाते. सोळाची टाका, ०.१५ च्या आत येईल. दोन्ही टोकांना, बॅटरीजवळ, फ्यूज हवाच. शिवाय सगळं बंद करून मागच्या बॅटरीतून किती करंट जातो ते बघा.

धागाकर्ता:
वायर अडीचचीच निघाली, आणि तीही मधे एका ठिकाणी नुसती पीळ देऊन टेप मारलेली. टेप सोलली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं. सोळाची टाकली, दोन्हीकडं फ्यूज. आता मागं १३.९ येतात. सगळं बंद असताना ०.३ अँपिअर जात होते: गॅसचा सेन्सर आणि स्टिरिओ. दिवसाला सात एएच म्हणजे पंधरवड्यात शंभराच्या वर! चार्जर शून्यावर झोपलेला आणि हे दोघं रात्रंदिवस खातायत. स्टिरिओला स्विच टाकला. सेन्सर बंद करणार नाही, आत सिलेंडर आहे.

सोलर टाका असं दोघांनी निरोपात सुचवलं. टपावर आधीच कॅरियर आणि पाण्याची टाकी आहे, आणि गाडी शेडखाली उभी असते. सध्या नको.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी):
मिरजेतून एसएमपीएस घेतला, १५ अँपिअर. मळ्यात मोटरा चालू, सॉकेटवर १८७, आणि बॅटरीवर १४.४. मी दोनदा मोजलं, मग गड्याला बोलावून दाखवलं. त्याला त्यात काय बघायचं ते कळलं नाही, पण "चांगलं झालं की" म्हणाला.

हायड्रोमीटर आधी लावला तेव्हा सगळे सेल ११५० ते ११७० मध्ये होते, म्हणजे सगळेच उपाशी. एकच सेल गेलाय असं काही नव्हतं. तीन वेळा पूर्ण चार्ज आणि मधे थोडं वापरून आता पाच सेल १२३० च्या पुढं आलेत. दुसरा सेल ११९० वर अडकलाय. चार्जर काढून रात्रभर ठेवलं तर सकाळी १२.५. फ्रिज सुरू होतो, रात्रभर चालतो, सकाळी १२.१ उरतात.

तर आता एवढंच विचारायचं आहे. त्या दुसऱ्या सेलसाठी इक्वलायझेशन चार्ज (मागं पडलेला सेल बाकीच्यांच्या बरोबरीला आणायला मुद्दाम दिलेला जादा चार्ज) देऊन बघू का? चार्जरवर ते बटण आहे, १५.५ पर्यंत नेतं लिहिलंय. नळी बसवली आहे, गाडी मळ्यात उघड्यावर घेईन, आत कुणी झोपणार नाही, पाणी भरलेलं आहे.

वाइंडिंगवाला:
द्या. फ्रिज, पंखे, स्टिरिओ सगळं सोडवून. तासातासाला ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरचा आकडा लिहा, बॅटरी हाताला चटका द्यायला लागली की बंद. तीन तासांत तो सेल हलला नाही तर हलणार नाही. तरी दिवाळीपर्यंत ही बॅटरी ओढेल. साडेसोळा हजार तोवर खिशात राहू द्या. जुना डबा भंगारात देताना वजन करून द्या, आत तांबं आहे.