मागच्या काचेचा डिफॉगर चार मिनिटांत मान टाकतो, आंबा घाटात पंचाईत (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार. गाडीतलं मला टायर बदलण्यापुरतंच कळतं, तेव्हा थोडं पाल्हाळ होईल.

गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, मी तिचा तिसरा मालक. घर भाट्याला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. इथे नवी सायकल घेतली तरी पहिला पावसाळा सरेपर्यंत चेन तांबडी होते, यावरून हवेचा अंदाज येईल. महिन्यातून दोनदा वडिलांना डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. हातखंबा, पाली, साखरपा इथवर ठीक असतं. आंबा घाट चढायला लागलो की ढग थेट रस्त्यावर उतरलेले, आणि नेमका तिथेच डिफॉगर (मागची काच तापवून तिच्यावरची वाफ घालवणारी सोय) दगा देतो.

होतं असं. बटण दाबलं की दिवा लागतो, थोड्या वेळात त्या तांबूस रेघांच्या आजूबाजूने काच पट्ट्यापट्ट्यांनी साफ होत जाते. मग चौथ्या-पाचव्या मिनिटाला परत ताक फासल्यासारखी पांढरी. पंधरा मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावला की पुन्हा चार मिनिटं चालतो. गेल्या खेपेला मागून एसटी येतेय हे मला तिचा हॉर्न ऐकून कळलं.

आतापर्यंतचे उद्योग: फ्यूज काढून बघितला, शाबूत आहे. ओळखीच्या वायरमनने रिले (बटण दाबल्यावर डिफॉगरला करंट सोडणारा स्विच) बदलून दिला, फरक शून्य. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी डिकी न उघडताच 'काच बदलावी लागेल' म्हटलं. आकडा ऐकून वडील म्हणाले, त्यापेक्षा मी मागे बसून फडक्याने पुसतो.

आणखी एक, याचा संबंध आहे की नाही कोण जाणे. डिफॉगर चालू असताना मागचा वायपर पेंगुळल्यासारखा फिरतो. गाडीचं वय झालं, असं मी धरून चाललोय.

कुडाळहून:
दादानु, माका वाटता टायमरच असतलो. बहुतेक गाड्यांत डिफॉगर १० ते २० मिनिटांनी आपोआप बंद होतो, ती खोड नाही, सोय आहे. तो १० ते २० अँपिअर खातो, विसरून चालू राहिला तर बॅटरीची वाट लागेल. घड्याळ लावून बघा, खरंच चार मिनिटं की तुम्हाला तसं वाटतं? घाटात वेळ लांबतो.

चिपळूणहून:
चार मिनिटांचा टायमर नसतो. पण त्याआधी एक प्रश्न, आणि यावर सगळं अवलंबून आहे. काच पांढरी होते तेव्हा बटणावरचा दिवा पण विझतो, की तो चालूच राहतो?

दिवा विझत असेल तर बंद करणारा पुढे बसलाय: बटण, टायमर किंवा कमी व्होल्टेज. काही गाड्यांत बॅटरीवर ताण आला की कंट्रोल युनिट स्वतःच असे मोठे लोड उतरवतं. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, एसी सगळं लावून इंजिन आयडलला असताना बॅटरीवर मल्टिमीटर धरा. साडेतेरा व्होल्टच्या वर असेल तर अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) क्लीन चिट. दिवा चालू राहून काच थंड पडत असेल तर भानगड रिलेच्या पुढे, म्हणजे वायर, जोड, रेघा नाहीतर अर्थ (गाडीच्या बॉडीतून करंट बॅटरीकडे परत जाण्याची वाट).

गुहागरहून:
आमचे ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळतात. बटाट्याची फोड पण चालते म्हणे.

चिपळूणहून:
ते पुढच्या काचेला, बाहेरून. मागच्या काचेच्या रेघा आतल्या बाजूला असतात, चांदीच्या पेस्टच्या, काचेवर भाजून बसवलेल्या. त्यावर काहीही चोळू नका. धागाकर्ते, दिव्याचं बघून सांगा.

धागाकर्ता:
आज अंगणात गाडी चालू ठेवून बसलो. किटली उकळती करून डिकीत ठेवली आणि काच धुरकट केली (बायकोने हे सगळं खिडकीतून बघितलं, त्यावर वेगळा धागा निघेल). चार मिनिटं दहा सेकंदांनी काच गार पडायला लागली. दिवा मात्र चालूच! बॅटरीवर सगळं लावून १३.८.

चिपळूणहून:
शाब्बास. म्हणजे टायमर सुटला, अल्टरनेटर सुटला. एखादी रेघ तुटली असती तर तेवढीच पट्टी पांढरी राहिली असती, कारण सगळ्या रेघा दोन्ही बाजूंच्या रुंद पट्ट्यांना समांतर जोडलेल्या असतात. तुमची अख्खी काच जाते, म्हणजे दुखणं सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे.

आणि तुम्ही जाता जाता जे वायपरचं लिहिलंत, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वायपर, डिफॉगर आणि डिकीवरचा ब्रेक लाइट यांची अर्थ बऱ्याच हॅचबॅकमध्ये एकाच ठिकाणी किंवा एकाच वायरीने बॉडीला जाते. ती वाट अरुंद झाली की डिफॉगर एवढा करंट मागतो की वायपरच्या वाट्याला काही उरत नाही. चार मिनिटांचं कोडंही त्यातच आहे: सडका जोड करंटने तापतो, तापला की आणखी सैल पडतो, गार झाला की पुन्हा टेकतो.

आता हे मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक डिफॉगरच्या अर्थकडच्या पट्टीवर, दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्यावर, रंग खरवडलेल्या बोल्टवर. डिफॉगर चालू. अर्धा व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. मीटरची टोकं रेघांवर घासू नका, टोकाला चॉकलेटची चांदी गुंडाळा.

कुडाळहून:
आणि डिकी उघडताना जिथे वायरी रबरी नळीतून छतातून डिकीत जातात ना, ती नळी मागे सरकवून बघा. दारासारखी रोज वळते ती जागा. माझ्या जुन्या गाडीची तिथली वायर आतून तुटली होती, वरचं प्लॅस्टिक मात्र अखंड. बोटांनी हळू ताणली तर रबरासारखी लांबते, तीच मेलेली.

धागाकर्ता:
मोजलं. चालू केल्या केल्या ०.६. तिसऱ्या मिनिटाला २ च्या आसपास. मग चढत चढत ७ आणि काच गार. मला वाटलं मीटर बिघडला, दोनदा केलं. त्याच वेळी ब्रेक दाबून मुलाला मागे उभं केलं, तो म्हणाला, "बाबा, मधला दिवा काजव्यासारखा आहे."

चिपळूणहून:
१३.८ पैकी सात व्होल्ट वाटेतच सांडतात, काचेला उरतात जेमतेम सात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गात कमी होते, म्हणजे काचेला नेहमीच्या जेमतेम पाव हिस्सा ऊब मिळते. नळी उघडा. खराब वायर सापडली की तिच्या जागी हाताला येईल ती साधी वायर लावू नका, अडीच स्क्वेअर एमएमची मऊ तांब्याची लावा. आणि कोणी 'तीसचा फ्यूज घालू, सोप्पं' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा, फ्यूज न जाता वायर जळेल.

धागाकर्ता:
सापडलं. रबरी नळीत पाणी साठलेलं, वायरींवर पांढुरका मिठाचा थर. काळ्या जाड वायरीचं प्लॅस्टिक एका जागी तपकिरी होऊन फुगलेलं, आत दहा-बारा तारा उरलेल्या, बाकीच्यांचा हिरवा भुगा. दुसऱ्या टोकाला पत्र्यावरचा अर्थ बोल्ट सुद्धा हिरवा. वायरमनला घेऊन बसलो, वायरीचा तुकडा बदलला, जोड झाळून वर श्रिंक ट्यूब घातली, बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला आणि वर ग्रीस. आता मीटरवर ०.२, पंधरा मिनिटं चालवला तरी ०.२. सतराव्या मिनिटाला दिव्यासकट बंद झाला, म्हणजे टायमर पण असतोच, कुडाळकरांचंही बरोबर. वायपर तरुण झालाय.

उरलं एक. वरून चौथ्या रेघेची पट्टी अजून अख्खी पांढरीच राहते. तिथे जुन्या मालकाची काळी फिल्म होती, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आल्यावर ती ब्लेडने खरवडून काढली असणार, रेघेच्या डाव्या बाजूला ओरखडा स्पष्ट दिसतो. याला काय करता येईल?

चिपळूणहून:
अर्थकडच्या पट्टीवर मीटरचं काळं टोक ठेवा, लाल टोक त्या रेघेवरून दुसऱ्या पट्टीकडून सरकवत आणा. आकडा हळूहळू उतरायला हवा, मधोमध निम्मा. जिथे एकदम शून्यावर कोसळेल तिथे तूट. डिफॉगर रिपेअरचा चांदीचा पेंट मिळतो, छोटी बाटली. आधी स्पिरिटने पुसा, रेघेच्या वर-खाली चिकटपट्टी लावून बारीक फट ठेवा आणि दोन-तीन हात द्या. आपल्या हवेत वाळायला वेळ लागतो, चोवीस तास बटणाला हात लावू नका.

आणि घाटात फक्त डिफॉगरवर विसंबू नका. ओल्या छत्र्या आणि पायपुसणी गाडीत असतील तर आतली वाफ कुठे जाणार? एसी चालू, हवा बाहेरून घेणारं बटण चालू, आतल्या आत फिरवणारं बंद. धुकं काचेच्या बाहेरच्या बाजूला धरलं असेल तर मात्र एसी कमी करा, काच थंडगार झाल्यामुळे ते बाहेरून साचतं. ते वायपरने जातं.

धागाकर्ता:
आपण तर आतापर्यंत आतल्या आत फिरवणारंच बटण लावत होतो, धूर येऊ नये म्हणून! पेंट मागवलाय, यायला आठवडा लागेल. उद्या पहाटे साडेपाचला निघतोय. छत्र्या पिशवीत, फडकं वडिलांकडेच राहू दे, एका रेघेपुरतं.