कमांड लाइनवरूनच कोडचे तुकडे साठवायला काय वापरावं?

अर्धविराम: लिनक्स, शेल (टाइप केलेले कमांड चालवणारा प्रोग्राम) बॅश. सध्या सगळं एका लांबलचक टेक्स्ट फाइलमध्ये आहे, उरलेलं हिस्टरीत (शेलने ठेवलेली आधीच्या कमांडची यादी). बरेचसे एका ओळीचे कमांड, थोडी पायथनची फंक्शन्स. टर्मिनल न सोडता साठवता आणि शोधता यायला हवं, आणि दोन मशीनवर सारखं राहायला हवं. वेगळ्या खिडकीत उघडणारं ग्राफिकल अ‍ॅप नको.

पाइपलाइन: आधी कमांड आणि कोड हे दोन ढीग वेगळे करा. एकच टूल दोन्हीसाठी वापरलं की दोन्हीकडे अडचण होते.

कमांडसाठी 'पेट' हे टर्मिनलमधलं तुकडे साठवायचं टूल. 'पेट न्यू' कमांड आणि वर्णन विचारून सगळं एका टॉमल (सेटिंग लिहायचा साधा टेक्स्ट फॉरमॅट) फाइलमध्ये ठेवतं. बदलणारा भाग <पोर्ट=५४३२> असा लिहिला की वापरताना ती किंमत विचारली जाते आणि बरोबरीच्या चिन्हापुढचं डीफॉल्ट भरलेलं येतं. वर्णनात 'काय करतं' लिहा, कमांडचं नाव नको; ते कमांडमध्ये असतंच आणि शोध दोन्हींत होतो.

फाइल हाताने सुधारताना एक सांभाळा: सेड, ऑक या मजकूर बदलणाऱ्या टूलच्या कमांडमध्ये बॅकस्लॅश असतात. टॉमलच्या दुहेरी अवतरणात चुकीचा बॅकस्लॅश पडला की फाइलच वाचली जात नाही, म्हणजे एका तुकड्यापायी सगळे गायब. असे कमांड तीन एकेरी अवतरणचिन्हांत ठेवा.

शेलकी_बात: +१. पण तुकडा निवडताच चालवणाऱ्या 'पेट एक्झेक'ची सवय लावू नका. ते कमांड वेगळ्या शेलमध्ये चालवतं, त्यामुळे फोल्डर बदलणारा 'सीडी' किंवा व्हेरिएबल ठेवणारा 'एक्स्पोर्ट' असलेला तुकडा चालूनही तुमच्या शेलमध्ये काहीच बदलत नाही. 'पेट सर्च'चा निकाल रीडलाइनच्या (बॅशमध्ये टाइप करायच्या) ओळीत टाकणारं छोटं फंक्शन बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचली जाणारी फाइल) लिहा आणि 'बाइंड -एक्स'ने कळीला जोडा. कमांड प्रॉम्प्टवर येते, नजर टाकून मग एंटर. फाइली पुसणारा 'आरएम' असलेल्या तुकड्यांसाठी तर हे हवंच.

कळ म्हणून कंट्रोल-एस घेतलीत तर टर्मिनल गोठल्यासारखं होईल, कारण ती आउटपुट थांबवायची जुनी खूण आहे. कंट्रोल-क्यूने सुटतं. कायमचा उपाय: बॅशआरसीत 'एसटीटीवाय -आयएक्सऑन'.

तिसरा_कंस: किमती टाइप करण्याऐवजी यादीतून निवडायच्या असतील तर 'नावी' हे तसंच दुसरं टूल बघा. तिथे प्रत्येक चलासाठी (बदलणाऱ्या भागासाठी) यादी देणारा कमांड लिहिता येतो. गिटमधल्या (कोडच्या आवृत्त्या ठेवणारं टूल) ब्रँचची यादी हवी असेल तर नुसतं 'गिट ब्रँच' देऊ नका: चालू ब्रँचपुढे तारका येते आणि ती कमांडमध्ये गेली की शेल तिचा अर्थ 'इथल्या सगळ्या फाइली' असा लावतं. '--फॉरमॅट' देऊन फक्त नाव काढा.

अर्धविराम: पेटच बरं वाटतंय. सिंकसाठी त्यातली गिस्टची (गिटहबवर तुकडे ठेवायची जागा) सोय वापरू का? आणि पायथनचं काय?

पाइपलाइन: गिस्ट टाळा. 'सिक्रेट' गिस्ट खाजगी नसतो. दुवा हाती लागला की कोणीही वाचू शकतो. खाजगी गिट रिपॉझिटरी करा आणि पेटच्या कॉन्फिगमध्ये स्निपेट फाइलचा पत्ता तिथला द्या. कॉन्फिग फाइल स्वतः त्यात नको, टोकन (खात्यात शिरायची गुप्त किल्ली) असेल तर तेही जाईल. पासवर्ड तुकड्यात लिहू नका आणि चल म्हणूनही भरू नका, भरलेली किंमत हिस्टरीत उतरते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या.

शेलकी_बात: पायथन त्याच रिपॉझिटरीत, दर तुकड्याला एक फाइल. नाव लांब चालेल: 'सीएसव्ही-जोड-हेडर-एकदाच'. 'आरजी' म्हणजे रिपग्रेप, फाइलींत शोधायचं टूल; 'आरजी --फाइल्स'ची यादी एफझेडएफला (यादीत शोधून निवडायचं टूल) पाइप करा, '--प्रिव्ह्यू'मध्ये फाइल दाखवणारा कॅट. मात्र हा शोध फक्त फाइलनावांत होतो. आतला मजकूर शोधायला सरळ 'आरजी'. फाइलच्या वर इम्पोर्ट आणि पायथनची आवृत्ती लिहून ठेवा, नाहीतर चिकटवल्यावर आधी नेमएरर (नाव सापडलं नाही ही चूक) येतो.

आणि चलं भरत बसावी लागणारा दहाएक ओळींचा शेल तुकडा असेल तर तो स्निपेट नव्हे, स्क्रिप्ट आहे. बिन फोल्डरात टाका, पहिल्या ओळीत शेबँग (कशाने चालवायचं ते सांगणारी खूण), मग चालवायच्या परवानगीसाठी 'सीएचमॉड +एक्स'.

अर्धविराम: कंट्रोल-एसचं आत्ताच पटलं. एसटीटीवायची ओळ टाकली, चालतंय.