मनगटाची सोनोग्राफी? दबलेली नस त्यात दिसते का

सेलूचा_पोरगा: आईचं वय ५४. दिवाळीपासून उजव्या हाताला मुंग्या यायल्यात, अंगठा अन् शेजारची दोन बोटं बधिर, करंगळीला मात्र काहीच नाही. रात्री दोन-तीनला उठून हात झटकत बसते. कापूस वेचणीत लै वाढलं, आता भाकरी थापताना पण दुखायलंय. परभणीला डॉक्टरांनी मनगटात नस दबली म्हणून सांगितलं अन् एनसीव्ही म्हणजे नस कशी काम करते ती तपासणी लिहून दिली, त्यात करंट देतात म्हणे, ते ऐकल्यापासून आई नकोच म्हणायलीय. दुसरे एक डॉक्टर म्हणले सोनोग्राफीत पण कळतं. पण सोनोग्राफी तर पोटाची असते ना? कुणी केलीय का?

मांजराकाठ: आमच्या मावशीची लातूरला केली. मावशी घरून लिटरभर पाणी पिऊन निघाली, सोनोग्राफी म्हणल्यावर लघवी रोखून धरायची असते एवढंच तिला माहीत 😄 दारावर 'गर्भलिंग निदान केले जात नाही'ची पाटी बघून म्हणली, आता या वयात मला कशाला वाचायला लावता. आत मनगटाला गार जेली लावून दहा-पंधरा मिनिटं मशीन फिरवलं, झालं. दुखत नाही काही.

एक्सरेवाला_पीजी: रेडिओलॉजीला आहे, संभाजीनगर. दिसते, चांगली दिसते. पोटाचा प्रोब (अंगावर फिरवतात तो मशीनचा भाग) नाही चालत, वरवरचं बारीक दिसणारा लिनियर प्रोब लागतो, फोन करतानाच विचारा मनगटाची नस बघता का, कारण रोज हे करणारा माणूस पाहिजे. मनगटाच्या बोगद्यातून ९ टेंडन (बोटं हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या) अन् ही मीडियन नस जाते. ठिबकच्या नळीवर पाय दिला की मागं फुगते ना, तशी ही नस दाबाच्या अलीकडं सुजते. तिथं तिचं क्षेत्रफळ मोजतात, साधारण १० चौरस मिमीच्या वर गेलं की शंका, अन् तीच नस वर कोपराकडं मोजून तुलना करतात कारण काहींची मुळातच जाड असते. गाठ किंवा जादा रक्तवाहिनी दाबत असली तर ती पण दिसते, एनसीव्हीत ते कळत नाही.

सेलूचा_पोरगा: मग करंटवाली नकोच ना?

एक्सरेवाला_पीजी: असं नाही दादा. सोनोग्राफी नसेचा आकार दाखवते, नस काम किती करायलीय ते एनसीव्ही सांगते. सुरुवातीला सोनोग्राफी नॉर्मल पण येऊ शकते. ऑपरेशनचं ठरवायचं झालं तर बहुतेक जण एनसीव्ही मागतातच. अन् मानेतून नस दबली असली तर मनगटात कितीही बघा, सापडणार नाही. शुगर, थायरॉइड तपासलं का?

सेलूचा_पोरगा: शुगर केली, नॉर्मल. थायरॉइड नाही केलं.

मांजराकाठ: ते करून टाक. मावशीला रात्री मनगट सरळ ठेवायचा पट्टा दिला, त्यानं झोप तरी लागायली.

सेलूचा_पोरगा: सोमवारी नेतो. आईला सांगितलं करंट नाही, तयार झाली. पाणी पिऊन यायचं का, हे मात्र दोनदा विचारलं.