शुगर, बीपी आणि कमी झालेली ताठरता: गोळी का लागू पडली नाही? मदत हवी आहे

गोदाकाठ:
चुलत भावासाठी विचारतोय. वय ४६, बीड जिल्हा. शुगर ७ वर्षांपासून, मागचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.२. बीपीला अटेनोलॉल ५० रोज. तंबाखू-चुना दिवसातून सात-आठदा. वर्षभरात ताठरता हळूहळू कमी होत गेली, पहाटेचीही येत नाही. इच्छा मात्र आहे. मेडिकलवरून ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल ५० आणून दोनदा घेतली, फरक नाही. आता स्टँडजवळच्या 'गुप्तरोग' पाटीवाल्याकडे निघालेत.

मांजराकाठ:
दादा, त्यांना तिकडे जाऊ देऊ नका. मनाच्या ताणाचं असतं तर बहुधा एकदम सुरू झालं असतं आणि पहाटेची ताठरता टिकली असती. हे रक्तवाहिन्यांचं आणि मज्जातंतूंचं दिसतंय.

उत्तेजन मिळालं की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, आतले स्नायू सैल होतात, रक्त भरतं. शुगर हे अस्तरही खराब करते आणि मज्जातंतूही. तंबाखूतलं निकोटिन वाहिन्या आकसवतं. शिश्नाची धमनी १ ते २ मिलिमीटरची, हृदयाची ३ ते ४. चरबी दोन्हीकडे साचते, पण बारीक नळी आधी बोलते. म्हणून ही तक्रार कित्येकदा हृदयाच्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. मला काळजी त्याची वाटते.

उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी, लिपिड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), थायरॉइड, ईसीजी एवढं करून घ्या. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी ८ ते १० मध्येच द्यायचं, दुपारी आकडा खाली येतो. कमी आला तर दुसऱ्या दिवशी परत तपासायचं, लगेच इंजेक्शन नाही. अटेनोलॉलनेही काहींना हा त्रास होतो, पण ती मनानं बंद करू नका. एकदम सोडली तर बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं. बदलून मिळेल का, डॉक्टरांना विचारा. संभाजीनगरचं घाटी, लातूर, नांदेड, अंबाजोगाई, कुठल्याही शासकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत सुरुवात होते.

गोदाकाठ:
गोळी जेवून घेतली होती. मटणाचं जेवण, वर दोन पेग. मग लगेच झोपले.

औषधवाला_जालना:
मग ती लागू पडणार कशी? तेलकट जेवणानं सिल्डेनाफिल तासभर उशिरा चढते आणि जोरही कमी होतो. दारूनं ताठरता आणखी ढासळते. गोळी नुसती घेऊन पडून राहिलं तर काही होत नाही, उत्तेजन लागतंच. रिकाम्या पोटी, तासभर आधी, २४ तासांत एकदाच. अशा नीट घेतलेल्या सहा-आठ वेळा झाल्याशिवाय 'गोळी फेल' म्हणू नये. टाडालाफिल या तशाच दुसऱ्या गोळीला जेवणाची अडचण नाही, असर ३६ तासांपर्यंत राहतो. डोस मात्र डॉक्टरच ठरवतील.

त्याआधी एक गोष्ट पक्की विचारा: छातीत दुखलं की जिभेखाली सोर्बिट्रेट (हृदयासाठीची नायट्रेट गोळी) ठेवतात का? नायट्रेटसोबत ही गोळी म्हणजे बीपी जिवावर बेतेल इतकं खाली. उलटही तेच: सिल्डेनाफिलनंतर २४ तास, टाडालाफिलनंतर ४८ तास सोर्बिट्रेट नाही. छातीत दुखून दवाखान्यात नेलं तर गोळी घेतल्याचं लाज सोडून सांगायचं. लघवीसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही सांगा, चक्कर येऊन पडायला होतं. ताठरता ४ तासांवर राहिली तर सरळ कॅज्युअल्टी.

पाटीवाल्यांचं म्हणाल तर १९५४ च्या जादुई उपाय कायद्यानं नपुंसकत्व बरं करण्याची जाहिरातच गुन्हा आहे. अशा चूर्णांत सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलेलं आहे. सोर्बिट्रेटवाल्यानं ते खाल्लं तर कारण कुणाला कळतही नाही.

गोदाकाठ:
सोर्बिट्रेट नाही. पण दोन जिने चढले की हल्ली छाती भरून येते म्हणतात.

मांजराकाठ:
मग गोळी आजपासून बंद, संबंधही थांबवा. उद्याच ईसीजी, आणि डॉक्टर सांगतील तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) व ट्रेडमिल (चालवून काढलेला ईसीजी). हृदय ठीक निघालं तरच गोळीचं बोलू. तोवर तंबाखू सोडायला लावा. गोळी नाही चालली तर व्हॅक्यूम पंप आहे, त्याची रिंग मात्र ३० मिनिटांच्या आत काढायची. वहिनींनाही ओपीडीत सोबत न्या. आणि बसल्या जागी छातीत दाब आला, घाम फुटला, तर उद्याची वाट न बघता १०८ लावा.