प्रतिसाद: महाराजाची सोंगं

वर कुणीतरी म्हटलंय की एअर इंडियाचं बोधचिन्ह असलेला महाराजा म्हणजे संस्थानिकांचा उदोउदो. मला नाही पटत. १९४६ साली एअर इंडियाचे अधिकारी बॉबी कूका आणि जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव यांनी त्याला मुंबईत जन्माला घातला, तोही आधी विमानातल्या लेटरपॅडसाठी. पुढे पोस्टरवर गड्याने काय काय सोंगं काढली! टोकियोसाठी सुमो पैलवान, न्यूयॉर्कसाठी तर चक्क प्लेबॉयची बनी, म्हणजे त्या अमेरिकी मासिकाच्या क्लबातली सशाच्या वेषातली वेट्रेस. मिशा मात्र कायम पिळदार. याला उदोउदो म्हणायचं की टिंगल? आणि १९५३च्या राष्ट्रीयीकरणानंतरही, म्हणजे सरकारी कंपनीत राहून, कूकांनी हा चावटपणा चालू ठेवला. आजच्या एखाद्या सरकारी खात्याकडून असलं पोस्टर मंजूर करून दाखवा बरं!